रविवारी घातलेले ट्विस्ट बुधवारीच का सुटतात?

तक्रार अशी. रविवारी दुपारी अडीच तास बसून लेकीच्या डोक्यावर अठ्ठावीस ट्विस्ट, म्हणजे दोन-दोन पेडांचे पीळ, घालायचे. सोमवारी शाळेत जाताना ते नव्या सुतळीसारखे दिसतात. मंगळवारी कपाळाजवळचे दोन फुगतात. बुधवारी संध्याकाळी मागचे अर्धे सुटलेले, टोकं पिंजारलेली, मुळाशी कापसाचा पुंजका. मग पुन्हा ओलं करा, पुन्हा ओढा, पुन्हा घाला, आणि पोरगी पुन्हा रडणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ शाबूत आणि पीळ गायब.

हे दीड वर्ष चाललं. मी मूळची सांगलीची. लहानपणी आजीने तेल थापून घातलेली तीन पेडांची वेणी रात्री झोपेपर्यंत एक केस हलू द्यायची नाही, त्यामुळे केसांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं असं वाटतच नव्हतं. नवरा न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा, कृष्णवर्णीय अमेरिकन घरातला, आणि लेक केसांत अगदी बापाच्या वळणावर गेलेली. वळण म्हणजे खरोखरचं वळण. एक केस ताणला तर खांद्याच्या पात्याशी पोचतो, सोडला की टुणकन कानापाशी. इथे अमेरिकेत केसांना एक ते चार आकडे देतात. ही वर्गवारी टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. तिचे केस चौथ्या प्रकारातले, म्हणजे बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखे. सरळ केसांवर तयार झालेला माझा हात या केसांवर जवळजवळ प्रत्येक पायरीला चुकत होता. अशाच घरातल्या दोन-तीन मराठी आया मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवायची. ट्विस्ट म्हणजे वेणी नव्हे. वेणीत तीन पेड एकमेकांच्या खालून-वरून जातात आणि अडकून बसतात. ट्विस्टमध्ये दोनच पेड एकमेकांभोवती वळलेले, ना गाठ ना रबर. त्यांना धरून ठेवतात ते केसांचे स्वतःचे वेढे. केस कोरडा, रुक्ष, तेलकट किंवा गुंतलेला असेल तर हे वेढे एकमेकांत बसत नाहीत आणि कितीही घट्ट वळा, पीळ उलगडतो. म्हणजे बुधवारी दिसणारा बिघाड बहुतेक वेळा रविवारी न्हाणीघरातच झालेला असतो, पहिला ट्विस्ट घालायच्याही आधी.

आधी बघा, सुटतात कुठून

बुधवारी वैतागून सगळे सोडू नका. फोनवर चार फोटो काढा: पुढून, दोन्ही बाजूंनी, मागून. सगळं डोकं सारखंच फुगलं असेल तर दोष धुण्यात किंवा तुम्ही लावलेल्या पदार्थांत आहे. फक्त मुळाशी ढिले आणि खाली ठीक असतील तर सुरुवात चुकली. मूळ ठीक पण टोकं उघडी, तर ते सगळ्यात सोपं. फक्त मागचे खराब असतील तर उशी, गाडीची सीट आणि कोटाची टोपी. माझ्या पहिल्या फोटोत हे चारही होतं, ते असो.

सगळंच फुगतं: तेल आणि पाण्याची गल्लत

थँक्सगिव्हिंगला सासूबाई जॉर्जियाहून आल्या होत्या. त्यांनी चार मुलांची आणि नऊ नातवंडांची डोकी विंचरलेली. मी काय करते ते त्या सोफ्यावर बसून बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी केस धुतले, टॉवेलने खसाखसा पुसले, आणि खोबरेलाची बाटली उचलली. तेव्हा म्हणाल्या, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "ओलावा टिकावा म्हणून, केस फार कोरडे आहेत." त्या म्हणाल्या, "पोरी, या बाटलीत पाणी आहे का?"

नव्हतं. मग त्यांनी स्प्रेची बाटली घेतली आणि मी तेल लावलेल्या एका बटेवर पाणी मारलं. थेंब केसांवर मोत्यासारखे उभे राहिले आणि ओघळून गेले. अळवाच्या पानावरचं पाणी! शेजारच्या, तेल न लागलेल्या बटेवर मारलं तर केस दोन सेकंदांत गडद झाला, मऊ पडला, वेढे मोकळे झाले. हा प्रयोग तुमच्या घरी करून बघा. पाणी वरच राहिलं तर कितीही महागडं क्रीम लावा, आत काही जात नाही.

आपल्या डोक्यात तेल म्हणजेच पोषण हे पक्कं बसलेलं असतं, आणि सरळ केसांत ते खपून जातं. टाळूतून निघणारं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. स्प्रिंगसारख्या केसात ते प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं दोन्ही एकाच डोक्यावर असतं. या केसाला आधी पाणी हवं. तेल त्या पाण्यावरचं झाकण. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय होणार?

खोबरेल वाईट असं मात्र मी म्हणणार नाही, आणि म्हणू दिलंही नाही. २००३ साली मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांत फक्त खोबरेलाने केसांतून प्रथिनं निघून जाण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं. कारण ते केसाच्या आत शिरतं, बाकीची वर राहतात. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच अभ्यास, हे ध्यानात ठेवून वाचा, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. फक्त वेळ बदलली. आता खोबरेल धुण्याच्या अर्धा तास आधी लावते आणि मग शांपूने काढून टाकते. धुतल्यानंतर नाही. हिवाळ्यात तर अजिबात नाही, कारण ते २४ अंशांच्या खाली थिजतं. एकदा जानेवारीत शाळेच्या बसथांब्यावर लेकीच्या ट्विस्टवर पांढरा थर दिसला. मला वाटलं बर्फ. ते तेल होतं.

सांगलीहून आईने पाठवलेल्या शिकेकाईचाही असाच घोळ झाला. सरळ केसांतून तिचा चोथा पाण्याबरोबर निघून जातो. या केसांत तो वेढ्यावेढ्यात अडकला आणि आठवडाभर उशीवर पडत राहिला. वापरायचीच असेल तर उकळून, दोनदा फडक्यातून गाळून फक्त पाणी घ्या. मी सोडून दिली.

आता धुण्याचा क्रम, जो मी सासूबाईंकडून उचलला आणि थोडा बदलला. केसांचे सहा भाग करून प्रत्येकाला सैल पीळ देऊन ठेवायचा. सगळे केस डोक्यावर गोळा करून घासायचे नाहीत, नाहीतर तिथेच गुंता होतो. शांपू टाळूला, बोटांच्या पेरांनी. फेस खाली उतरतो तेवढा केसांना पुरे. मग भरपूर, म्हणजे आपल्या अंदाजाच्या तिप्पट कंडिशनर, इतका की केस शेवाळासारखे निसरडे लागले पाहिजेत. तो असतानाच गुंता काढायचा: आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, आणि कायम टोकाकडून मुळाकडे. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही, कधीच नाही. बारीक फणी तर घरात असली तरी या डोक्यापासून लांब. महिन्यातून एकदा साठलेले थर काढणारा शांपू, कारण क्रीमचे पुट चढले की पुन्हा तेच अळवाचं पान होतं.

टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट. तोही घासायचा नाही, केस मुठीत धरून दाबायचे. ट्विस्ट घालताना केस पिळून तासभर वाळत टाकलेल्या पंच्याइतके ओलसर हवेत. ठिबकत असतील तर वाळताना फार आक्रसतात, आणि जाड ट्विस्ट आतून दोन दिवस ओले राहून आंबूस वास मारतात. फार कोरडे असतील तर वळतानाच पिंजारतात. मी एका भागावर काम करते तेव्हा बाकीचे पाच वाळत असतात, म्हणून पाण्याची बाटली गुडघ्याशीच ठेवते.

पाण्याचं इतकं कौतुक कशाला, तर त्याला कारण आहे. ओल्या केसातल्या केरॅटिनचे, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे, हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात धरलेला असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ट्विस्ट टिकतो तो या जुळणीवर. आणि म्हणूनच अर्धवट ओले ट्विस्ट सोडून केस मोकळे केले, ज्याला इथे ट्विस्ट-आउट म्हणतात, तर सुंदर लाटांऐवजी कापूस हाती येतो. वाळले की नाही हे वरून कळत नाही. एक जाड ट्विस्ट मध्यावर थोडा उकलून आत बोट घालून बघा. गार लागलं तर थांबा.

काय लावायचं, आणि किती

लिव्ह-इन (म्हणजे धुऊन न टाकता केसांत राहू द्यायचा) कंडिशनर, त्यावर क्रीम किंवा जेल, शेवटी वाटलं तर तेलाचे दोन थेंब. एका ट्विस्टला वाटाण्याएवढं. मी सुरुवातीला लिंबाएवढं लावत होते. तिसऱ्या दिवशी पांढरे कण सुटायला लागले आणि मला वाटलं, कोंडा झाला. कोंडा नव्हता. एका कंपनीचं लिव्ह-इन आणि दुसऱ्या कंपनीचं जेल यांचं जमत नव्हतं. दोन्ही तळहातावर एकत्र चोळून बघा. एकजीव झालं तर ठीक, फाटलेल्या दुधासारखे कण दिसले तर ती जोडी रद्द. दहा सेकंदांची परीक्षा आहे, दुकानातच करता येते.

जेलच्या बाबतीत आपल्याकडचाच एक जिन्नस कामाला येतो, तो म्हणजे जवस. चटणी करतो तेच. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर ढवळत आठ-दहा मिनिटं. आधी काहीच होत नाही, मग एकदम पाणी दाट व्हायला लागतं. डावाने उचलून बघा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबती तार सुटली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर तो चिकट गोळा मोजा सोडत नाही, मी एक पातेलं त्यापायी वाया घालवलं आहे. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की फेका, त्यात टिकवणारं काही घातलेलं नसतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक वडी काढली तर उत्तम.

शीया बटर पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं, इथल्या प्रत्येक घरात असतं. मी ते फक्त टोकांना लावते. एरंडेलही इथे लोकप्रिय आहे, जमैकन काळं एरंडेल म्हणून बाटल्या मिळतात. बिया भाजून काढलेलं असल्याने त्याचा रंग काळपट. केस उगवतात वगैरे दाव्यांवर माझा विश्वास नाही, पण पापुद्र्यासारखा थर देतं, म्हणून टोकांना चालतं.

मुळाशी ढिले: दोर वळण्याचा नियम

इथे माझी दुसरी मोठी चूक होती. गावाकडे कोणी वाखाचा दोर वळताना पाहिलंय का? प्रत्येक पेडाला आधी एका दिशेने पीळ देतात आणि मग पेड एकमेकांवर उलट दिशेने वळतात. पेड उलगडायला बघतो तेव्हा तो दोराला आणखी घट्ट करतो. दोन्ही पीळ एकाच दिशेचे दिले तर हात सोडताच दोर भोवऱ्यासारखा गरगरा उलगडतो.

लेकीच्या डोक्यावर सगळीकडे केस सारखे नाहीत. माथ्यावरचे इतके घट्ट वेढ्यांचे की दोन पेड नुसते गुंडाळले तरी एकमेकांना धरतात. कपाळावरचे आणि मानेवरचे मात्र सैल, मऊ. तिथे प्रत्येक पेडाला बोटाने एका दिशेने पीळ देत देत, पेड एकमेकांवर उलट दिशेने वळायचे. चिमटीत पेड फिरवायचा, ओलांडायचा, पुन्हा फिरवायचा, पुन्हा ओलांडायचा. पहिले चार ट्विस्ट हात दुखवतात, मग लय सापडते. बरोबर झालं की नाही हे बघायला ट्विस्ट पूर्ण झाल्यावर हात सोडा. तो स्वतःभोवती फिरत उलगडला तर दिशा चुकली.

दोन पेड सारख्या जाडीचे हवेत. एक जाड, एक बारीक असेल तर बारीक पेड जाड्याभोवती नुसता वेढा घालून बसतो, आणि पहिला तोच सुटतो. मुळाशी फार मऊ केस असतील तर पहिला इंचभर तीन पेडांची वेणी घालून मग दोन पेडांवर या. ही युक्ती मला इथल्या एका पार्लरमधल्या बाईने दाखवली. लांबून वेणी दिसत नाही आणि मूळ आठवडाभर हलत नाही. भाग लहान घेतले तर ट्विस्ट जास्त टिकतात हे उघड आहे, पण लहान म्हणजे जास्त वेळ, आणि सात वर्षांचं मूल किती वेळ बसेल यालाही मर्यादा असते. जाड ट्विस्टची आठवडाभराचीच अपेक्षा ठेवा, मध्यम दोन आठवडे, अगदी बारीक तीन-चार.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे "ढिले पडतात ना, मग घट्ट ओढते". आजीच्या वेणीने माझे डोळे ताणले जायचे आणि सगळे म्हणायचे, छान बसली आहे. इथे तसं करू नका. ट्विस्ट घालून झाल्यावर मुलीला भुवया वर करायला सांगा. कपाळाची कातडी ओढली जात असेल, मुळाशी कातडी तंबूसारखी उचलली गेली असेल, बारीक पांढऱ्या पुळ्या दिसत असतील, तर ते लगेच सोडा, रात्रभर थांबू नका. सतत ओढ बसली की कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. लवकर थांबलं तर परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर मुळंच मरतात. हा आजार एका जमातीचा किंवा एका केशरचनेचा नाही. त्याची पहिली नोंद १९०७ ची, ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या बायकांची आहे. आपल्याकडे कपाळ मोठं झालेल्या, आयुष्यभर घट्ट आंबाडा घातलेल्या आज्या आठवून बघा.

टोकं

टोकाला शेवटचा अर्धा इंच बोटाभोवती गुंडाळून, जेलचा ठिपका देऊन सोडा. तरी उघडत असेल तर लहान रोलरवर गुंडाळून वाळेपर्यंत ठेवा. त्यानंतरही उघडत असेल तर टोकं झिजली आहेत, अर्धा इंच कापा. केसाने स्वतःभोवती मारलेल्या बारीक गाठी ओढून सोडवायच्या नाहीत, गाठीच्या वरून धारदार कात्रीने तो एक केस कापायचा.

फक्त मागची बाजू

हे ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मागची बाजू मला दिसायचीच नाही. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि रात्रभर घासतो. सॅटिनचं बॉनेट, म्हणजे झोपताना घालायची सैल टोपी, घाला असं सगळे सांगतात, खरं आहे, पण लेकीचं बॉनेट रात्री दोनपर्यंत पलंगाखाली जातं. म्हणून आईच्या जुन्या, विरलेल्या रेशमी साडीचे दोन अभ्रे शिवले. जरीचा भाग कापून टाका, तिच्या तारा केस ओढतात. बॉनेट राहिलं तर राहिलं, नाहीतर अभ्रा आहेच. गाडीच्या सीटच्या पाठीलाही त्याच साडीचा तुकडा लावला आहे आणि लोकरी टोपीला आतून अस्तर. एवढ्यानेच बुधवारचा शुक्रवार झाला, बाकी काही न बदलता.

खाज

ट्विस्ट घातले म्हणजे डोकं धुवायचं नाही, असं नाही. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत, केचपची असते तशी, पाण्यात पातळ केलेला शांपू घ्या आणि भांगाभांगातून सोडा. बोटांनी दाबा, घासू नका, आणि ट्विस्टवरून पाणी ओघळू द्या. खाज आली की तेल चोळायची आपली सवय इथे उलटते. कोंड्यामागे असणारी मॅलॅसेझिया ही बुरशी टाळूवरच्या स्निग्धावरच जगते, तिला जेवण वाढून काय उपयोग.

नकली केस जोडून ट्विस्ट केले असतील, आपल्या भाषेत गंगावन, तर कधीकधी त्या कृत्रिम धाग्यावरच्या लेपाने खाज सुटते. लावायच्या आधी ते व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात भिजवून, पांढरा तवंग काढून, धुऊन वाळवा. आणि गोल चकंदळ, मुळाशी तुटलेले काळे ठिपके किंवा पू दिसला तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरकडे जा. मुलांच्या टाळूवरचं गजकर्ण नुसत्या मलमाने बरं होत नाही, पोटात औषध घ्यावं लागतं.

पावसात सांगली

अमेरिकन शाळांची सुट्टी आणि आपला पाऊस एकाच वेळी येतात, त्यामुळे आम्ही दरवर्षी पावसाळ्यातच घरी जातो. हवेतला ओलावा केस पिऊन घेतो आणि आठवड्याचे ट्विस्ट दोन दिवसांत फुगतात. तिथे मी ट्विस्ट-आउटच्या नादी लागत नाही. निघायच्या आधी बारीक ट्विस्ट घालते, ग्लिसरीन असलेलं काही लावत नाही, आणि पुढचे केस टाळूला चिकटून वळवते. फुगले तर फुगले.

फुगण्यापेक्षा जास्त नुकसान हात करतात. प्रत्येक मावशी एक तरी ट्विस्ट ओढून बघते. "खरे आहेत का गं?" लेक आता "हात लावू नका, मावशी" असं स्वच्छ मराठीत सांगते, आणि मी ते सावरून घेत नाही.

एकीने हळूच विचारलं, "जट आली का हिला?" हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे जट म्हणजे देवीचा कोप, कापायची भीती, आणि कित्येक बायकांची आयुष्यभराची मानदुखी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांना एकेका बाईला समजावून तिची जट काढावी लागली आहे. मी मावशीसमोर एक ट्विस्ट टोकापासून मुळापर्यंत उकलून दाखवला आणि परत घातला. पटलं. पण तिच्या प्रश्नात एक खरी गोष्ट होतीच: ट्विस्ट महिनोन्‌महिने तसेच ठेवले तर मुळाशी केस खरोखर एकमेकांत विणले जातात. लॉक्स, म्हणजे न उकलता कायम विणू दिलेल्या बटा, ठेवणारे लोक अनेकदा ट्विस्टपासूनच, ठरवून सुरुवात करतात, नियमित धुतात, जपतात. ठरवलेलं नसेल तर सहा आठवड्यांच्या पुढे जाऊ नका.

सोडताना

बोटांना थोडं तेल लावून टोकापासून उकला. मुळाशी पोचलात की तिथे एक राखाडी कडं दिसेल: गळलेले केस, क्रीम आणि टोपीची लोकर. ते पाणी लावायच्या आधी निघालं पाहिजे. कोरड्यावरच कंडिशनरचा ठिपका द्या, मिनिटभर थांबा आणि दोन बोटांनी चिमटीत धरून हळूहळू विलग करा. मी पहिल्यांदा तसंच नळाखाली डोकं धरलं होतं आणि त्या कड्याची वाळवीच्या वारुळासारखी गाठ झाली. सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या आणि तरी एक बट कापावी लागली.

हातात केसांचा बोळा येईल, घाबरू नका. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. ट्विस्टमध्ये ते पडायला जागा नसते, म्हणून दोन आठवड्यांचे सातशे ते चौदाशे एकदम दिसतात. त्या केसांच्या एका टोकाला बारीक पांढरा गड्डा असेल तर ते आपणहून गळलेले. गड्डा नसलेले आखूड तुकडे जास्त असतील तर केस तुटत आहेत, म्हणजे कंगवा, ओढ किंवा कोरडेपणा यांपैकी काहीतरी अजून चुकतंय.

शाळेतून "केस नीटनेटके ठेवा" अशी चिठ्ठी आली तर, न्यू जर्सीत डिसेंबर २०१९ पासून केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा आहे आणि त्यात ट्विस्टचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. आम्हाला एकदा आली होती. कायद्याची प्रत जोडून एक सभ्य पत्र पाठवलं, विषय संपला.

आता रविवारचे ट्विस्ट पुढच्या रविवारपर्यंत जातात, कधी त्याच्याही पुढच्या बुधवारपर्यंत. मानेवरचे चार मात्र अजून ऐकत नाहीत, ते गुरुवारी ढिले पडतातच. गुरुवारी रात्री लेक जमिनीवर पुस्तक घेऊन बसते, वाचायला मान खाली घालते, तेवढ्यात मी मागून ते चार परत वळते. एक धडा संपायच्या आत होतात.